स्वर्गातले सात महाल आणि दयेचं दार

टेंभीनाका

ठाण्यात सिव्हिल हॉस्पिटलच्या रस्त्यावर बेने इस्रायलींचं, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचं सिनेगॉग (प्रार्थनामंदिर) आहे, १८७९ सालचं. शाळेत असल्यापासून त्याच्यावरून जाते आहे. त्याच्या नावाचा अर्थ मात्र मला चाळिशी उलटल्यावर कळला. शआर हाशामाईम, म्हणजे स्वर्गाचं दार. मग कळलं की मुंबईत मांडवीला याच समाजाचं त्याहून जुनं सिनेगॉग आहे, १७९६ सालचं, आणि त्याचं नाव शआर हारहमीम, म्हणजे दयेचं दार. एका दारावर स्वर्ग, दुसऱ्यावर दया. घरात मराठी बोलणाऱ्या, तेलाचे घाणे चालवणाऱ्या आणि शनिवारी काम बंद ठेवतात म्हणून 'शनिवार तेली' म्हटल्या गेलेल्या लोकांनी ही नावं आणली कुठून, या एका प्रश्नापायी दोन वर्षं वाचत राहिले. जे सापडलं ते इथे मांडते.

ज्यू गूढपरंपरेत 'हेखालोत' नावाचं एक जुनं वाङ्मय आहे. हेखाल म्हणजे महाल, आणि देवळाचं मुख्य दालनही. हेखालोत हे त्याचं अनेकवचन. आपण ज्याला कब्बाला म्हणतो ती ज्यू गूढविद्या बाराव्या-तेराव्या शतकात दक्षिण फ्रान्स आणि स्पेनमध्ये आकाराला आली. हे त्याच्या कित्येक शतकं आधीचं. जेरुसलेमचं देऊळ इसवी सन ७० मध्ये रोमनांनी जाळलं. पृथ्वीवरचा महाल गेला, तेव्हा काही माणसं वरच्या महालाकडे बघायला लागली. यहेज्केल प्रेषिताला दिसलेला रथ, त्याला ओढणारे चार मुखांचे जीव, वर नीलमण्यासारखं सिंहासन, ही त्यांची सुरुवात. सात आकाश, त्यांत एकात एक सात महाल, आणि प्रत्येक महालाच्या दारावर डावीउजवीकडे रक्षक. प्रवाशाने प्रत्येक दारात देवाच्या नावाची मुद्रा दाखवायची. चुकली तर जीव गेला.

यातली एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. वर जाणाऱ्या या लोकांना ते ग्रंथ 'योर्दे मेर्काबा' म्हणतात. मेर्काबा म्हणजे रथ, योर्दे म्हणजे उतरणारे. स्वर्गात चढायचं, आणि शब्द वापरायचा उतरण्याचा! असं का, यावर अभ्यासकांत आजही एकमत नाही. दहाव्या-अकराव्या शतकातला बाबिलोनचा आचार्य हाय गाओन या साधनेचं वर्णन करतो: काही दिवस उपास, मग दोन गुडघ्यांमध्ये डोकं घालून बसायचं आणि जमिनीकडे तोंड करून हलक्या आवाजात स्तोत्रं म्हणायची. ते वाचल्यावर मला तरी 'उतरणं' हा शब्द पटला. हे माझं मत, शास्त्र नव्हे.

सहाव्या दाराशी खरी परीक्षा. तिथे लाखो लाटा अंगावर येताहेत असं दिसतं, पण पाण्याचा थेंबही नसतो. संगमरवराच्या लाद्यांची ती चकाकी असते. "हे पाणी कसलं?" असं विचारलं की रक्षक लोखंडी कुऱ्हाडी फेकतात. तालमुदात, म्हणजे जुन्या रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) चर्चांच्या ग्रंथात, चौघे 'पारदेस'मध्ये, म्हणजे बागेत शिरल्याची कथा आहे, तिथे रब्बी अकिवा सोबत्यांना हेच बजावतो: शुद्ध संगमरवरापाशी पोचलात की "पाणी, पाणी" म्हणू नका. चौघांपैकी बेन अझाईने पाहिलं आणि तो मेला. बेन झोमाने पाहिलं आणि त्याचं चित्त ढळलं. एलिशा बेन अबुयाने 'रोपं छाटली', म्हणजे श्रद्धा सोडली. अकिवा एकटा सुखरूप परतला.

इथवर वाचलं तेव्हा मला वाटलं, एवढी भीती, एवढ्या कुऱ्हाडी, यात दया कुठे आहे? ती पुढे सापडली. आधी तुम्ही बोला, मग लिहिते.

---

ऋता_क

खूप दिवसांनी इथे असा धागा आला. एक शंका. तो प्रवासी वर गेला, पण परत यायचं कसं? आणि तो वर असताना खाली बसलेल्यांना काही कळत असे का?

---

टेंभीनाका

ऋता, याचं उत्तर याच वाङ्मयातल्या 'हेखालोत रब्बाती' या ग्रंथात आहे. गुरू नेहुन्या बेन हाकाना डोळे मिटून बसले आहेत आणि जे दिसतं ते बोलून दाखवताहेत. शिष्य लिहून घेताहेत. मध्येच एक वाक्य शिष्यांना कळत नाही. गुरूंना तर सिंहासनासमोरून खाली आणायला हवं, पण हिसका देऊन नाही. मग ते काय करतात? एक तलम लोकरी फडकं घेतात आणि एका अशा बाईचा त्याला स्पर्श करवतात, की तिला बहुतेक जण शुद्ध म्हणतील, एखादाच अशुद्ध म्हणेल. ते फडकं गुरूंच्या गुडघ्यांवर ठेवतात. अशुद्धी एवढी पुसट की गुरूंना इजा होणार नाही, पण देवासमोर राहता येऊ नये इतपत खरी. गुरू लगेच खाली येतात, शंका सोडवतात आणि पुन्हा वर जातात.

मी हा भाग तीनदा वाचला. सोवळ्याओवळ्याचे नियम माणसाला दूर ठेवण्यासाठी वापरलेले आपण पाहिलेत. इथे तोच काटेकोर नियम गुरूला सांभाळून घरी आणायला वापरला आहे.

---

जुना_वाचक

धागाकर्तीने हेखालोत आणि कब्बाला यांत फरक केला ते बरं केलं. बऱ्याच ठिकाणी सगळं एकत्र कालवलेलं असतं. थोडी भर घालतो.

'जोहार' हा कब्बालाचा मुख्य ग्रंथ. तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमधल्या कास्तिलमध्ये मोझेस दे लेऑन याच्या हातून तो पसरू लागला, अरामी भाषेत, आणि नाव मात्र दुसऱ्या शतकातल्या शिमोन बार योहाईचं. जोहारमध्येही सात महाल आहेत, पण त्यांचा स्वभाव बदललेला आहे. नीलमण्याची वीट, आकाशाचं सत्त्व, तेज, पुण्याई, प्रेम, इच्छा आणि शेवटी परमपवित्र स्थान. चौथा, पुण्याईचा महाल हे न्यायालय आहे, तिथे निवाडे होतात. पाचवा प्रेमाचा. म्हणजे न्यायालयातून गेल्याशिवाय प्रेमाच्या महालात जाता येत नाही, पण न्यायालय हा शेवटचा मुक्कामही नाही.

आणि इथे कुऱ्हाडी झेलत जाणारा विरळा साधक उरलेला नाही. रोजची प्रार्थना या महालांतून वर चढते. दुकान उघडायच्या आधी प्रार्थना म्हणणाऱ्या माणसाचे शब्दही सातव्या महालापर्यंत जातात, असं जोहार मानतो.

---

कोरा_कागद

न्याय आणि दया यांचं नातं मला नीट उमगलेलं नाही. कब्बालात 'हेसेद' म्हणजे कृपा ना? मग 'रहमीम' वेगळं कशाला?

---

जुना_वाचक

चांगला प्रश्न. दहा सफिरोत आहेत, देवाच्या प्रकट होण्याचे दहा पैलू म्हणा. उजवीकडे हेसेद: हातचं न राखता देणं. डावीकडे गेवुरा किंवा दीन: आवर घालणं, न्याय, मर्यादा. मधोमध तिफेरेत, त्याचंच दुसरं नाव रहमीम. हेसेद कोण पात्र, कोण अपात्र बघतच नाही, पाऊस खडकावरही पडतो तसं. रहमीम मात्र बघते. अपराध दिसतो, शिक्षा रास्त आहे हेही दिसतं, आणि तरीही हात पुढे होतो. म्हणून तिची जागा मध्ये.

याच्या मुळाशी एक जुना मिद्राश, म्हणजे शास्त्रवचनावरची बोधकथा आहे. एका राजाकडे अगदी पातळ काचेचे पेले होते. कढत पाणी ओतलं तर फुटतील, गार ओतलं तर आक्रसतील. त्याने दोन्ही मिसळून ओतलं आणि पेले टिकले. देव म्हणाला, नुसत्या दयेने जग घडवलं तर पापं माजतील, नुसत्या न्यायाने घडवलं तर ते उभंच राहणार नाही. दोन्ही मिसळून घडवतो, आणि टिको म्हणजे झालं.

'टिको म्हणजे झालं' हा मूळ मजकुराचाच भाव आहे, माझी भर नाही.

---

रोह्याची_लेक

धाग्यावर इतक्या उशिरा येतेय, माफ करा. मी बेने इस्रायल, जन्म रोह्याचा, आता इस्रायलात अश्दोदला असते. मराठी टाइप करायला वेळ लागतो.

तुम्ही सगळे हेखाल हेखाल म्हणताय ते वाचून मला आमचं सिनेगॉग आठवलं. आमच्यात आमच्या धर्मग्रंथाच्या, तोराच्या गुंडाळ्या, म्हणजे सेफर, ज्या कपाटात ठेवतात त्या कपाटालाच हेखाल म्हणतात. पुढे मखमलीचा पडदा. सणाला पप्पांनी मला उचलून धरलं की पडद्याची जर माझ्या गालाला टोचायची. ते दार उघडलं की सगळे उभे राहायचे. हाच शब्द स्वर्गातल्या महालांचा, हे मला या वयात कळतंय.

'रहमीम'बद्दल एक सांगते. हिब्रूत 'रेहेम' म्हणजे गर्भाशय. रहमीम त्याच धातूतून येतो. आणि मराठीत आपण 'जरा रहम करा' म्हणतो ना, तो अरबी-फारसीतून आलेला रहम हिब्रू रहमीमचा सख्खा भाऊ. त्यामुळे मांडवीच्या सिनेगॉगच्या नावातला अर्धा शब्द मराठी माणसाला आधीपासून येतो.

---

टेंभीनाका

रोह्याची लेक, तुम्ही आलात याचा फार आनंद झाला. रहमचं हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी 'दया' असं भाषांतर करत होते, पण तुमचं वाचून वाटतं की 'माया' जास्त जवळचा. आई करते ती माया.

आता राहिलेलं लिहिते.

सहाव्या दाराचा रक्षक दुमिएल. तो प्रवाशाला विचारतो, तुझ्यात दोनांपैकी एक तरी आहे का: शास्त्र शिकला आहेस, की शास्त्राप्रमाणे वागला आहेस? दोन्ही नव्हे, एक पुरे. मग सातव्या दारात प्रवासी सिंहासनाच्या तेजाने थरथरतो, पाय लटपटतात, मागे कोसळायला लागतो. आणि ज्या रक्षकांना बघून वाटेत जीव घाबरा झाला होता, तेच सगळे रक्षक धावत येऊन त्याला सावरतात. "भिऊ नकोस, लाडक्या वंशाच्या लेकरा. आत ये, राजाचं सौंदर्य बघ. तुला कोणी मारणार नाही, जाळणार नाही." मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले.

आणि आत गेल्यावर काय दिसतं? देव प्रवाशाला सांगतो: खाली जाऊन माझ्या लेकरांना सांग, ती सकाळी "पवित्र, पवित्र, पवित्र" म्हणतात तेव्हा मी काय करतो. माझ्या सिंहासनावर त्यांचा बाप याकोब याचा चेहरा कोरलेला आहे. त्या क्षणी मी त्याच्यावर वाकतो, त्याला कवटाळतो, त्याचा मुका घेतो. त्यांचे डोळे माझ्याकडे लागतात आणि माझे त्यांच्याकडे, त्या घटकेइतका आनंद मला साऱ्या जगात दुसरा नाही.

सात महाल, मुद्रा, कुऱ्हाडी, एवढं सगळं ओलांडून आत गेल्यावर देव काय करतो, तर लेकरांच्या बापाच्या कोरीव चेहऱ्याला जवळ घेतो.

---

पाखाडी

सुंदर. पण मला एक खटकतं. एलिशा बेन अबुयाचं काय? तोही आत गेला होता. त्याने सिंहासनाजवळ देवदूत मेटाट्रोनला बसलेलं पाहिलं, त्याला वाटलं स्वर्गात सत्ता दोन आहेत, आणि तिथेच तो घसरला. मग पडद्याआडून आवाज आला: "परत या, भरकटलेल्या लेकरांनो, एलिशा सोडून." ज्याला एवढी माया आहे तो एकाच माणसाला दार बंद करतो? आपल्याकडे चोखोबा महाद्वाराबाहेर राहिला, तेच इथेही दिसतं.

---

टेंभीनाका

पाखाडी, चोखोबाला माणसांनी बाहेर ठेवलं. विठ्ठलाने नाही. एलिशाला तर वरूनच नकार आला. त्यामुळे हे दोन प्रसंग मला एक वाटत नाहीत, आणि तुमचा प्रश्न आणखी अवघड होतो.

पण तालमुदाने ही गोष्ट तिथे सोडलेली नाही. एलिशा मेला. वर पेच पडला: एवढा विद्वान, त्याला शिक्षा करता येईना, आणि केलेली पापं बघता आतही घेता येईना. त्याचा शिष्य रब्बी मेईर, ज्याने गुरू धर्मबाह्य झाल्यावरही त्याच्याकडे शिकणं सोडलं नव्हतं, म्हणाला, त्याला शिक्षा होऊन तो सुटला तर बरं. मी मेलो की त्याच्या थडग्यातून धूर काढीन. मेईर गेला आणि धूर निघाला. पुढे रब्बी योहानान म्हणाला, स्वतःच्या गुरूला जाळण्यात कसली मर्दुमकी? आपल्यातला एक जण चुकला, आणि आपल्याला त्याला वाचवता येत नाही? मी त्याचा हात धरला तर माझ्या हातून त्याला कोण हिसकावणार आहे? मी मेलो की तो धूर विझवीन. योहानान गेला, धूर थांबला. त्याच्या शोकसभेत एकाने म्हटलं, "गुरुजी, दारावरचा रक्षकही तुमच्यासमोर टिकला नाही."

दारावरचा रक्षक! महालांच्या गोष्टीत सुरुवातीपासून उभा असलेला तो रक्षक इथे एका मेलेल्या माणसाच्या हट्टापुढे बाजूला झाला. मला तरी हे पुरेसं उत्तर वाटतं.

---

जुना_वाचक

आणि देवालाही हे हवंच असतं असं त्यांचे ग्रंथ म्हणतात. तालमुदाच्या 'बेराखोत' भागात महायाजक रब्बी इश्माएल सांगतो: मी गाभाऱ्यात धूप जाळायला गेलो, आणि अकात्रिएल, म्हणजे देवच, उंच सिंहासनावर बसलेला दिसला. तो मला म्हणाला, "इश्माएल, बाळा, मला आशीर्वाद दे." इश्माएल म्हणाला, "तुझी माया तुझ्या रागावर मात करो, आणि तू लेकरांशी कायद्याच्या रेषेच्या अलीकडे थांबून वाग." देवाने मान डोलावली. त्याच पानावर आहे की देव स्वतः प्रार्थना करतो, आणि तिचे शब्दही जवळपास हेच आहेत.

पुढे सोळाव्या शतकात गालीलमधल्या (आजचं उत्तर इस्रायल) त्स्फात गावच्या मोशे कोर्दोवेरो (१५२२ ते १५७०) याने हीच दया माणसाने आचरायची कशी यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्याचा पहिला मुद्दा असा: माणूस पाप करायला हात उचलतो त्या क्षणीही त्या हातात बळ देवच घालत असतो. काढून घेऊ शकतो, घेत नाही. देवदूत त्याला 'अपमान सोसणारा राजा' म्हणतात. दुसरा मुद्दा त्याहून थेट. प्रत्येक पापातून एक संहारक जन्मतो आणि देवासमोर उभा राहून म्हणतो, मला अमक्याने केलं. न्याय म्हटला तर देवाने सांगावं, मग त्याच्याकडेच जा आणि त्याला खा. पण देव त्या संहारकाला स्वतःच्या पदरचं खाऊ घालून पोसत राहतो, माणूस परत वळेपर्यंत.

---

निरंजन_पुणे

पुण्याचा एक धागा जोडतो, बऱ्याच जणांना माहीत नसेल. लाल देऊळ सगळ्यांना ठाऊक आहे, बगदादहून आलेल्या ज्यूंचं सिनेगॉग. त्याच समाजातल्या, पुण्यात राहणाऱ्या अब्राहम डेव्हिड एझेकिएल या थिऑसॉफिस्टाने १८८७ मध्ये जोहारचा 'इद्रा झुता' हा भाग बगदादी ज्यूंच्या अरबीत भाषांतर करून पुण्यातच छापला. गूढ ग्रंथ सगळ्यांच्या हाती द्यायचा म्हणजे काय, म्हणून बगदादच्या रब्बींनी कडक विरोध केला.

इद्रा झुता म्हणजे शिमोन बार योहाईच्या शेवटच्या दिवसाचं बोलणं. भोवती शिष्य, एक जण लिहून घेतोय. बोलता बोलता "जीवन" हा शब्द येतो आणि आवाज थांबतो. लिहिणारा मान वर करून बघतो, तर पुढे काही ऐकूच येत नाही.

याच्या जोडीच्या 'इद्रा रब्बा'त देवाच्या आदिमुखाचं वर्णन आहे, आणि ते या धाग्याला धरून आहे. त्या मुखाला डावी बाजूच नाही. डावी बाजू न्यायाची ना, म्हणून सगळं उजवंच. डोळ्याला पापणी नाही, कारण तो मिटतच नाही. दाढीच्या तेरा बटा म्हणजे दयेचे तेरा गुण.

---

ऋता_क

निरंजन, मी पुण्यात वाढले आणि हे आज कळतंय! ते तेरा गुण कुठले?

---

रोह्याची_लेक

ऋता, तेरा गुण निर्गम ग्रंथात मोशेला सांगितलेत: दयाळू, कृपाळू, मंदक्रोध वगैरे. एलूल महिन्यात आम्ही पहाटे सलिहोत, म्हणजे क्षमेच्या प्रार्थना म्हणतो तेव्हा ते पुन्हा पुन्हा येतात. पप्पा अंधारात उठवायचे, डोळे चोळत जायचो. अर्थ कळायचा नाही, पण त्या ओळी आल्या की सगळ्यांचा आवाज एकदम चढायचा, एवढं आठवतं.

आणि टेंभीनाका ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझ्याकडून. जुने बेने इस्रायल सणांना मराठी नावं द्यायचे. रोश हाशाना, आमचं नववर्ष, म्हणजे नव्याचा सण. योम किप्पुरला, प्रायश्चित्ताच्या दिवसाला, माझी आजी 'दारफाळणीचा सण' म्हणायची, दारं बंद करायचा सण. दिवसभर उपास, पांढरे कपडे, घराचं दार लावलेलं, बाहेर कुणाशी शिवाशिव नाही. त्या दिवसाच्या शेवटच्या प्रार्थनेचं हिब्रू नाव नेइला, म्हणजे दारं मिटणं. स्वर्गाची दारं मिटायच्या आत एकदा आत घे, असं मागायचं असतं. आजीला हिब्रू वाचता येत नव्हतं. तिला नेइला शब्दाचा अर्थ कुणी सांगितला असेल असंही वाटत नाही. पण सणाचं नाव तिच्या तोंडी तेच होतं.

---

टेंभीनाका

तुमच्या आजीच्या या एका शब्दासाठी मी दोन वर्षं भलत्याच पुस्तकांत शोधत होते. तालमुदात म्हटलंय, देऊळ पडल्यापासून प्रार्थनेची दारं बंद झाली, पण अश्रूंचं दार बंद झालं नाही. ते मी आधी वाचलं होतं, पण घराच्या दाराला लावून कधी पाहिलं नव्हतं.

दारफाळणीनंतर दार उघडतात तेव्हा काय करायचात?

---

रोह्याची_लेक

शोफार (शिंग) वाजला की संपलं. घरी येऊन आजी दार सताड उघडायची आणि उंबऱ्यावर दिवा ठेवायची. दुसऱ्या दिवसाला आम्ही 'शिळा सण' म्हणायचो. त्या दिवशी दारात येईल त्याला द्यायचं आणि मग सगळ्यांकडे भेटीला जायचं. शेजारच्या कुळवाड्याकडेही. आजीचा नेम असा की वर्षभरात ज्याच्याशी बोलणं तुटलं असेल, त्याच्या घरी आधी.